सोव्हिएत युद्धपटांतली शस्त्रं: ओळख पटवायची कशी

पडद्यावर बंदूक दिसली की मागच्या रांगेतून कुणीतरी "एके फॉर्टीसेव्हन!" म्हणतंच. खेळ रामबागेत लावा नाहीतर लोकमान्यनगरात, इंदुरात हे ठरलेलं. पण १९४१ ते १९४५ च्या सोव्हिएत चित्रपटात एके असूच शकत नाही. ती सैन्यात दाखल झाली १९४९ मध्ये. प्रेक्षकांना जे वाकडं मॅगझिन दिसतं ते बहुतेक वेळा पेपेशा (श्पागिनची पीपीएसएच-४१) किंवा सुदायेवची पीपीएस या छोट्या स्वयंचलित बंदुकांचं असतं. दोन्हींत ३५ काडतुसं मावतात आणि दोन्ही पिस्तुलाचं काडतूस झाडतात.

ही चूक होते ती नाव सांगायच्या घाईमुळे. प्रचारपटाच्या बाबतीत कामाचा क्रम उलटा ठेवावा: आधी दृश्य केव्हाचं ते ठरवायचं, मग शस्त्र कोणतं ते. निवेदक "१९४१, मॉस्को" म्हणत असतो आणि त्याखाली दोन वर्षांनंतरचे तुकडे जोडलेले असतात. निवेदन लिहिणारा हवं ते लिहितो. सैनिकाच्या अंगावरचं सामान मात्र त्या दिवशी कारखान्यातून बाहेर आलेलं असावंच लागतं. म्हणून प्रत्येक वस्तू आपल्याला "याच्या आधीचं नाही" एवढं ठामपणे सांगते. "याच्या नंतरचं नाही" हे ती कधीच सांगत नाही, कारण जुनी रायफल गोदामात पडून राहते आणि वीस वर्षांनी कुठल्यातरी स्टुडिओत पुन्हा बाहेर निघते.

तयारी

नुसता चित्रपट लावून काही ओळखता येत नाही, तो थांबवत थांबवत बघावा लागतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई ही कळ दाबली की एकेक चौकट पुढे सरकते. यूट्यूबवर चित्र थांबवून स्वल्पविरामाच्या कळीने एक चौकट मागे आणि पूर्णविरामाच्या कळीने एक पुढे जाता येतं. प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर हे करू नका, लोक कंटाळतात. चित्रपट मंडळातल्या दोघातिघांनी आदल्या दिवशी घरी बसून चौकटी काढून ठेवाव्यात.

वहीत प्रत्येक दृश्याला एक ओळ द्या. वेळ (मिनिट आणि सेकंद), खांदे व गळपट्टी, डोक्यावर काय, लांब शस्त्र, यंत्रशस्त्र, वाहन, आणि शेवटचा रकाना "खात्री". या शेवटच्या रकान्यात फक्त तीन शब्द चालतील: पक्कं, बहुधा, नाही ठरलं. हा रकाना सुरुवातीला फालतू वाटतो, पण महिनाभराने वही उघडल्यावर उपयोग होतो तो त्याचाच.

चित्र उलटं छापलेलं नाही ना, हे सर्वांत आधी तपासा. जुन्या वृत्तपटांच्या प्रतींमध्ये डावं-उजवं बदललेले तुकडे निघतात. कधी संकलकाने सैन्य एकाच दिशेने चाललेलं दिसावं म्हणून मुद्दाम फिरवलेले असतात, कधी निव्वळ चुकून. रशियन अक्षरं दिसली तर प्रश्नच नाही. ती नसतील तर मोसिन रायफलचा बोल्ट बघा, त्याची मूठ नेहमी उजवीकडे असते. मॅक्झिम मशीनगनमध्ये काडतुसांचा पट्टाही उजवीकडून आत जातो. या दोन गोष्टी डावीकडे दिसल्या तर सैनिक डावखुरा नाही, चित्र उलटं आहे. एमपी-४० वरून मात्र हे ठरवायला जाऊ नका. त्या जर्मन बंदुकीची ओढायची मूठ मुळातच डावीकडे असते.

आधी खांदे बघा

शस्त्राकडे जायच्या आधी खांद्याकडे बघा. लाल सैन्यात खांद्यावरच्या पट्ट्या जानेवारी १९४३ मध्ये आल्या. त्याआधी हुद्दा गळपट्टीवर, त्रिकोण-चौकोनांत दाखवत. त्यामुळे "१९४१ चा हिवाळा" म्हणून दाखवलेल्या दृश्यात खांद्यावर पट्ट्या असतील तर तो तुकडा १९४३ किंवा नंतरचा, वाद संपला. उलट बाजूने मात्र ढिलाई ठेवा. फेब्रुवारी-मार्च १९४३ मध्येही अनेक तुकड्यांत जुनेच गणवेश होते.

हेल्मेटवरून फारसं साधत नाही. १९३६ च्या नमुन्याच्या बाजू बाहेर पसरलेल्या असतात आणि माथ्यावर एक उंचवटा असतो. १९३९ आणि १९४० चे नमुने गोल, साधे. पण १९३६ चं हेल्मेट शेवटपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर दिसतंच. कानांवर दुमडून बांधायची उशांका टोपी १९४० मध्ये आली. तिच्याआधी टोकदार बुद्योनोव्का होती आणि १९४१ च्या दृश्यांत ती अजूनही दिसते.

मोसिन: पडद्यावरची निम्मी शस्त्रं

युद्धपटात जी रायफल दिसते ती दहापैकी आठ वेळा मोसिन असते. म्हणून वेळ घालवायचा तो हिच्यावर. आपल्याकडे एनसीसीच्या शिबिरात थ्री नॉट थ्री हाताळलेलं कुणीतरी मंडळात असतंच, महूहून निवृत्त होऊन इंदुरात स्थायिक झालेले काकाही असतात. त्यांना फरक असा सांगा. थ्री नॉट थ्रीच्या बोल्टची मूठ खाली वळलेली आणि चापाच्या अगदी जवळ असते. मोसिनची मूठ सरळ, आडवी बाहेर आलेली आणि चापाच्या बरीच पुढे असते. थ्री नॉट थ्रीत १० काडतुसं, मोसिनमध्ये ५. थ्री नॉट थ्रीची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात झाकलेली, म्हणून नाक चपटं दिसतं. मोसिनच्या लाकडापुढे उघडी नळी दिसते आणि तिच्यावर बहुधा संगीन.

हाताची हालचालही वेगळी होते. थ्री नॉट थ्रीत स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे लोटताना, मोसिनमध्ये मूठ वर उचलताना. म्हणून मोसिनवाला सैनिक पहिल्या उचलीला जोर लावतो आणि पुष्कळदा गाल दस्त्यावरून हलवतो. तळहाताने मूठ वर ठोकताना दिसला तर बोल्ट अडकला आहे असं समजा. नट मात्र ही मूठ लोण्यातून सुरी फिरवावी तशी फिरवतो. आत खरं काडतूस नसलं की बोल्ट हलका चालतोच.

मोसिन कोणती, हे लांबीवरून ठरवा. १८९१/३० नमुना संगिनीशिवाय १२३ सेंटिमीटर, संगिनीसह साधारण १६६. सैनिक रायफल जमिनीवर टेकवून उभा असला की संगिनीचं टोक त्याच्या कपाळाच्या आसपास पोचतं. १९३८ ची कार्बाइन १०२ सेंटिमीटरची. ती कमरेच्या थोडी वर येते आणि तिला संगीनच नसते. १९४४ च्या कार्बाइनला कायम जोडलेली, उजव्या बाजूला दुमडणारी संगीन असते. ही दिसली की दृश्य युद्धाच्या शेवटच्या दीड वर्षातलं किंवा त्यानंतरचं. १९१९ च्या यादवीवर काढलेल्या चित्रपटांत जुनी १८९१ ची लांब पायदळी रायफलही दिसते, संगिनीशिवाय १३० सेंटिमीटरची. तिच्या पुढच्या माशीभोवती (नळीच्या टोकाशी नेम धरायचा उंचवटा) गोल कडं नसतं, १८९१/३० ला ते असतं. जवळून घेतलेल्या दृश्यात हे कडं स्पष्ट दिसतं आणि निकाल तिथेच लागतो.

संगीन म्हणजे सुरी नव्हे, चार धारांचा सुळा आहे. सोव्हिएत पायदळात ती रायफलवर लावलेलीच ठेवायची पद्धत होती, आणि रायफलची नेमबाजीही संगीन लावून जुळवलेली असे. त्यामुळे संगिनी उगारून धावणारी रांग ही केवळ दिग्दर्शकाची हौस नाही. नजर ठेवायची ती उलट गोष्टीवर: धावत्या रांगेत निम्म्यांच्या संगिनी नसतील तर त्या प्रसंगासाठी सामान इकडून-तिकडून गोळा केलेलं असण्याची शक्यता वाढते.

दुर्बीण लावलेली मोसिन असेल तर बोल्टची मूठ खाली वाकवलेली असते, कारण सरळ मूठ वर उचलताना दुर्बिणीला आपटते. इथे एक छान खूण मिळते. दुर्बीण नाही पण मूठ वाकडी, म्हणजे नेमबाजाची रायफल दुर्बीण काढून वापरली आहे. दुर्बीण लांब असेल तर ती युद्धाआधीची पद्धत. आखूड, ३.५ पट दाखवणारी पीयू दुर्बीण मोसिनवर १९४२ नंतर चढली. पीयू मुळात एसव्हीटी या स्वयंचलित रायफलसाठी केलेली होती.

एसव्हीटी-४० ओळखायला सोपी. १० काडतुसांचं मॅगझिन खाली बाहेर आलेलं, नळीच्या टोकाला खाचांचा ब्रेक, वरच्या आवरणाला भोकं. १९४१ च्या संचलनांत आणि भित्तिपत्रकांवर ती जागोजागी दिसते, आघाडीवरच्या १९४३ नंतरच्या दृश्यांत विरळ होत जाते. कारण साधं आहे. ती महाग आणि नाजूक होती, आणि १९४२ पासून तिचं उत्पादन झपाट्याने घटवलं. एखाद्या दृश्यात प्रत्येक सैनिकाच्या हाती एसव्हीटी असेल तर ते संचलन आहे किंवा दाखवण्यासाठी सजवलेली तुकडी आहे, असं समजून पुढचं बघा.

डबा कोणाचा?

गोल डब्याची बंदूक दिसली की सगळे पेपेशा म्हणतात, आणि तीनपैकी दोनदा ते बरोबरही असतं. श्पागिनने केलेली पीपीएसएच-४१ १९४१ च्या अगदी शेवटी मोठ्या संख्येने बनू लागली. म्हणजे १९४१ च्या उन्हाळ्यातल्या म्हणून दाखवलेल्या रांगेत सगळ्यांकडे पेपेशा असेल तर संशय घ्या. तेव्हा असायला हवी ती देग्त्यार्योवची पीपीडी.

दोन्हींच्या डब्यात ७१ काडतुसं, म्हणून डब्याकडे बघू नका, डब्याच्या पुढे बघा. पीपीडी-४० मध्ये डब्याच्या पुढेही लाकडाचा तुकडा असतो, सैनिकाचा डावा हात तिथे असतो. पेपेशाच्या डब्यापुढे लाकूड नसतंच, फक्त भोकं पाडलेलं पोलादी आवरण असतं. म्हणून डावा हात डब्याखाली किंवा डब्याच्या मागे. आवरणाचं तोंडही बघा. पेपेशाचं तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे निघणारा वायू वर आणि बाजूला जाऊन नळी खाली दाबली जाते. पीपीडीचं आवरण गोल नळकांड्यासारखं. फिनलंडची सुओमी अधूनमधून घोटाळा करते, पण तिच्यातही डब्यापुढे लाकूड नसतं आणि आवरणाचं तोंड तिरकं नसतं.

पेपेशाला वाकडं मॅगझिन १९४२ मध्ये मिळालं. डबा भरायला वेळ लागायचा, थंडीत अडायचा, आणि एका बंदुकीचा डबा दुसरीला बसेलच याची खात्री नसायची. ३५ चं मॅगझिन आल्यावरही डबे राहिलेच, म्हणून डबा दिसला तर तारीख ठरत नाही, वाकडं मॅगझिन दिसलं तर ठरते.

पीपीएस-४३ मध्ये लाकूड औषधालाही नाही. दस्ता लोखंडी सळ्यांचा, वरून पुढे दुमडणारा. ती लेनिनग्राडच्या वेढ्यात आकाराला आली, पत्रे ठोकून बनवता येईल अशी. तिला डबा बसत नाही. दुमडलेल्या दस्त्याची, वाकड्या मॅगझिनची बंदूक १९४२ च्या वसंतातल्या म्हणून सांगितलेल्या दृश्यात आली तर लाल पेन्सिल काढा.

मशीनगन

मॅक्झिमसाठी फार डोकं खर्च करायला नको. दोन चाकं, ढाल, पाण्याचं जाड आवरण, कापडी पट्ट्यात २५० काडतुसं. सगळं मिळून साठ किलोच्या वर जातं, म्हणून ती ओढणारे दोघे घामाघूम दिसायला हवेत. एका माणसाने एका हाताने उचलून पळवली तर ती लाकडी नक्कल. आवरण गुळगुळीत असेल तर जुनी, १९३० पासून त्यावर लांब पन्हाळी आल्या. आवरणावर चांगलं रुंद झाकण दिसलं तर ती १९४०-४१ नंतरची: फिन्निश नमुना पाहून केलेली सोय, हिवाळ्यात त्यातून सरळ बर्फ कोंबता यावा म्हणून. १९३४ च्या "चापायेव"मधली आंका मॅक्झिमच चालवते. युद्धाच्या काळात त्या चित्रपटातली दृश्यं प्रचारासाठी पुन्हा वापरली गेली, तेव्हा ती तपासताना तारीख १९३४ ची धरा, १९४१ ची नाही.

एसजी-४३ ही गोर्युनोवची मशीनगन मे १९४३ मध्ये आली. चाकांवरच असते, पण नळी उघडी, पाण्याचं आवरण नाही. डीपी-२७ वर सपाट थाळीसारखं मॅगझिन, आत ४७ काडतुसं, पुढे दोन पाय. इथे एक बारीक पण पक्की खूण आहे. १९४४ च्या सुधारित नमुन्यात दस्त्याच्या वर मागे एक छोटं नळकांडं बाहेर आलेलं असतं, कारण नळीखाली तापून ढिली पडणारी स्प्रिंग तिथे हलवली. चाप धरायला वेगळी मूठही असते. जुन्या डीपीत दोन्ही नाहीत.

रणगाडाविरोधी रायफली म्हणजे दोन मीटरच्या लांब काठ्या, १४.५ मिमी. पीटीआरडीत एकेक काडतूस घालावं लागतं, पीटीआरएसमध्ये पाच काडतुसांचं मॅगझिन असतं. ऑगस्ट १९४१ अखेर मंजुरी आणि नोव्हेंबरात रणांगणावर, म्हणून १९४१ च्या दृश्यांत त्या बर्फातच शोभतात. जून-जुलै १९४१ च्या दृश्यात असतील तर तुकडा नंतरचा.

चौकटी मोजून वेग काढणे

हे काम मजेचं आहे आणि इथेच सगळ्यांत जास्त फसगत होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे मिनिटाला १४४०. १४४० ला बंदुकीच्या मिनिटाच्या वेगाने भागलं की दोन गोळ्यांमध्ये किती चौकटी जायला हव्यात ते येतं. पेपेशा मिनिटाला ९०० च्या आसपास, म्हणजे १.६ चौकटी. मॅक्झिम ६००, म्हणजे २.४. डीपी साधारण ५५०, म्हणजे २.६. एमपी-४० सुमारे ५००, म्हणजे जवळजवळ ३. जर्मन मशीनगन एमजी-४२ बाराशे, म्हणजे १.२. ७१ काडतुसांचा डबा सलग चाप दाबला तर पाच सेकंदांच्या आत रिकामा होतो. नायक दहा सेकंद झाडत राहिला तर मधे कट शोधा.

मोजताना तोंडावरचा लोळ मोजू नका. कॅमेऱ्याचा पडदा प्रत्येक चौकटीच्या अर्ध्या वेळात बंद असतो, आणि लोळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागात विझतो. त्यामुळे निम्मे लोळ चित्रात येतच नाहीत. मोजायचं ते पडणाऱ्या पुंगळ्या किंवा बोल्टची हालचाल. पुंगळ्या कुठे पडतात हीसुद्धा ओळखच आहे. पेपेशाच्या वरून उडतात, डीपीच्या खालून, मॅक्झिमच्या नळीखालून पुढे, एमपी-४० च्या उजवीकडे.

दोन गोष्टींनी मोजमाप बिघडतं. एक, इंटरनेटवरची प्रत ३० चौकटींत बदललेली असेल तर दर चार चौकटींमागे एक दुप्पट झालेली असते. एकेक पुढे सरकताना चित्र जागचं हललं नाही तर ती वगळा. दोन, आघाडीवरचे छायाचित्रक बहुधा चावीवर चालणारा आयमो कॅमेरा किंवा त्याची सोव्हिएत नक्कल वापरत. एका चकतीवर ३० मीटर फिल्म, म्हणजे २४ च्या वेगाने मिनिटभर आणि थोडं वर. चावीची ताकद उतरत गेली की वेग बदलतो. म्हणून माणसांची चाल आधी बघा. ती दुडूदुडू वाटत असेल तर बंदुकीचा हिशोब बाजूला ठेवा.

आवाजावरून काहीही ठरवू नका. आघाडीवरचं चित्रण मुके होतं, आवाज नंतर स्टुडिओत बसवला. मॅक्झिमच्या चित्राला कुठल्यातरी दुसऱ्याच मशीनगनची धडधड लावलेली सर्रास सापडते.

खरी गोळी की फुसकी? फुसक्या काडतुसाने रायफल मागे ढकलली जात नाही. नळी वर उचलत नाही, खांदा हलत नाही, धूर मात्र भरपूर. स्वयंचलित बंदूक फुसक्यावर चालवायची तर नळीच्या तोंडाशी वाट अरुंद करावी लागते, म्हणून तोंडाशी नेहमीपेक्षा वेगळी टोपी किंवा छोटं भोक दिसलं तर ते सेटवरचं आहे. तरी त्यावरून बंदूक खोटी ठरत नाही. अस्सल मॅक्झिमच फुसक्या काडतुसांवर चालवली आहे, एवढंच.

श्वासाची वाफ

इंदुरात डिसेंबरच्या पहाटे राजवाड्याजवळ चहाच्या गाडीवर उभे राहिलात तरी तोंडातून वाफ निघते. तिथे तर रशियन हिवाळा. बर्फातल्या दृश्यात बोलणाऱ्याच्या तोंडून वाफ नसेल तर थांबा. ७ नोव्हेंबर १९४१ च्या संचलनातलं स्टालिनचं भाषण याचं उत्तम उदाहरण आहे. संचलन ठरल्यापेक्षा लवकर सुरू झालं आणि आवाज टिपणारे पोचलेच नाहीत. म्हणून भाषण पुढे क्रेमलिनमधल्या दालनात, मंचाची नक्कल उभारून पुन्हा चित्रित केलं. संचलनाच्या चित्रात बर्फ पडतोय आणि भाषण करणाऱ्याच्या तोंडातून वाफ नाही! १९४२ मध्ये प्रदर्शित झालेल्या मॉस्कोजवळच्या विजयाच्या माहितीपटात हे दोन्ही तुकडे एकापाठोपाठ आहेत. पुढे त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

कथापटांत तर हवामान सरळ खोटं. मॉसफिल्म आणि लेनफिल्म १९४१ च्या शेवटी अल्मा-आताला हलवले होते, कीएवचा स्टुडिओ अश्गाबादला. मार्क दोन्स्कोयचा १९४४ चा "इंद्रधनुष्य" (मूळ नाव "रादुगा") अश्गाबादच्या उन्हाळ्यात काढला. पडद्यावर कडाक्याची थंडी आणि चित्रण चाळीस अंशांच्या वर. बर्फाच्या जागी मीठ आणि कापूस. तिथे वाफेवरून काही सिद्ध होत नाही, ते सगळं सेटच आहे. "दोन सैनिक" हा १९४३ चा चित्रपट लेनिनग्राडच्या आघाडीची गोष्ट सांगतो, चित्रण ताश्कंदला. म्हणून कथापटात हवामान सोडून द्या, शस्त्रंच तपासा, कारण ती बहुधा सैन्याकडूनच आणलेली खरी असतात.

रणगाडे: चाकं मोजा

आकारावर भरवसा ठेवू नका, एका बाजूची मोठी चाकं मोजा. टी-३४ ला पाच, वर पट्ट्याला आधार देणारी छोटी चाकं नाहीत. केव्ही-१ ला सहा आणि वर तीन छोटी. बीटीला चार मोठी. टी-२६ ला आठ लहान. जर्मन पँझर-३ ला सहा, पँझर-४ ला आठ लहान. टायगरची चाकं एकावर एक चढलेली.

इथे टी-२६ आणि पँझर-४ यांची आठ-आठ चाकं हा सापळा आहे. काळा क्रॉस रंगवलेला "जर्मन" रणगाडा आठ चाकांचा दिसला तरी शेजारी माणूस उभा आहे का बघा. टी-२६ बराच बुटका आणि अरुंद असतो. युद्धकाळात हाताशी खरा जर्मन रणगाडा नसेल तर जुन्या सोव्हिएत रणगाड्यावर क्रॉस काढणं सोपं पडायचं. युद्धानंतरच्या चित्रपटांत टायगर म्हणून सजवलेले टी-३४ आणि, "मुक्ती" या मोठ्या चित्रपटमालिकेत, टी-४४ दिसतात. तिथे चाकं एकावर एक चढलेली नसतात, बस.

टी-३४ ची तारीख बुरुजावर. सहाकोनी बुरूज आणि वर दोन गोल झाकणं: १९४२ नंतरचा. मोठा बुरूज आणि लांब ८५ मिमी तोफ: १९४४ पासूनचा. १९४२ च्या स्टालिनग्राडच्या दृश्यात ८५ चा टी-३४ आला तर तुकडा निश्चित नंतर काढलेला. चाकांना रबर नसेल तर १९४१ चा शेवट किंवा १९४२, त्या काळात रबराची टंचाई होती.

विमानांत एकच खूण पाठ करा. इल-२ मध्ये मागे बंदूकधारी बसलेला असेल तर दृश्य १९४२ च्या अखेरच्या आधीचं नाही. त्याआधी इल-२ एकट्या वैमानिकाचं होतं.

ट्रकवरून रॉकेटं सोडणाऱ्या कात्युशाबाबत सैन्य जपून होतं. १४ जुलै १९४१ ला ओर्शाजवळ पहिल्यांदा मारा झाला, पण युद्धाच्या सुरुवातीच्या चित्रणात गाडी क्वचितच जवळून दिसते, बहुतेक वेळा आकाशात जाणारे लोळ. गाडी दिसलीच तर खालचा ट्रक बघा. सोव्हिएत झीस-६ असेल तर आधीचं, अमेरिकन स्टुडबेकर असेल तर १९४३ किंवा त्यानंतरचं बहुधा. स्टुडबेकरचा उल्लेख निवेदनात येईल याची वाट बघू नका.

जर्मन हाती मोसिन

मॉस्कोच्या १९४१-४२ च्या हिवाळ्यातल्या लढाईनंतर हस्तगत केलेली जर्मन शस्त्रं भरपूर होती, तरी दूरच्या स्टुडिओत सगळ्यांना पुरत नसत. मागच्या रांगेतल्या जर्मनांच्या रायफली तपासा. जर्मन माउझरचं मॅगझिन लाकडात लपलेलं, खाली सपाट. मोसिनचं चापाच्या पुढे खाली लोंबतं. माउझरच्या बोल्टची मूठ खाली वाकलेली. पुढच्या चार जणांकडे माउझर आणि मागच्या वीसांकडे मोसिन हे दृश्य सहज सापडतं.

आता एक दृश्य पूर्ण करून दाखवतो. स्टालिनग्राडचा वेढा आवळून दोन आघाड्या एकमेकींना भेटतात, पांढऱ्या पोशाखातले सैनिक बर्फातून धावत येऊन मिठ्या मारतात. ही भेट २३ नोव्हेंबर १९४२ ची. वहीत लिहायचं असं. खांदे: पोशाखाखाली झाकलेले, दिसत नाहीत. डोकं: हेल्मेट आणि उशांका मिश्र. लांब शस्त्र: मोसिन, लांबी पांढऱ्या कपड्यामुळे मोजता येत नाही. यंत्रशस्त्र: पेपेशा, डबा. वाहन: चौकटीत दिसेल तसं लिहा. उलटं छापलंय का: बोल्ट उजवीकडे, नाही. सामानात नोव्हेंबर १९४२ शी न जुळणारं काहीच नाही. आणि तरीही ते चित्रण त्या दिवसाचं नाही, भेटीनंतर काही दिवसांनी कॅमेऱ्यासाठी ती पुन्हा घडवून आणली. म्हणून या ओळीत शेवटच्या रकान्यात शस्त्रासाठी "पक्कं" लिहा आणि प्रसंगासाठी, वेगळ्या शाईने, "पुन्हा केलेलं".